अकरा वर्षं उभी असलेली मोटरहोम: चावी फिरवायच्या आधी काय काय करायचं

गेल्या दोन वर्षांत निदान चार जणांनी मला फोन करून हेच विचारलंय, की अरे इथे गावाबाहेर एका शेतात जुनी मोटरहोम (आत राहता-झोपता येतं अशी मोठी गाडी) उभी आहे, आजोबा चार-पाच हजार डॉलरला द्यायला तयार आहेत, इंजिन म्हणे एकदम मस्त होतं, घेऊन टाकू का. दरवेळी तासभर बोलून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून काढतोय. मी मेकॅनिक नाही, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, पण सांगलीला लहानपणी वडिलांच्या स्कूटरचा प्लग साफ करून द्यायचं काम माझ्याकडे होतं आणि तेवढ्या भांडवलावर मी इथे अमेरिकेत, मिशिगनमध्ये १९७६ ची २६ फुटी जीएमसी (जनरल मोटर्सचाच ट्रकवाला ब्रँड) मोटरहोम घेतली, जी अकरा वर्षं एका बार्नमध्ये कोंबड्यांच्या सोबतीने उभी होती.

ही गाडी माहीत नसेल तर थोडक्यात. जीएमसीने १९७३ ते १९७८ अशी सहाच वर्षं ही बनवली, मिशिगनमधल्याच पॉन्टिअ‍ॅकला, सगळ्या मिळून साधारण १३ हजार. ओल्ड्समोबिल टोरोनाडो नावाच्या कारचं इंजिन नि गिअरबॉक्स उचलून पुढे बसवलेत, म्हणजे पुढची चाकं ओढतात, मागे शाफ्टच नाही, त्यामुळे फ्लोअर इतका खाली की आईलासुद्धा चढायला स्टूल लागत नाही. मागे दोन्ही बाजूंना एकामागे एक दोन चाकं आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगऐवजी हवेची बॅग. इंजिन ४५५ घनइंच, म्हणजे जवळपास साडेसात लिटर, मारुती ८०० ची नऊ इंजिनं एकत्र केल्यासारखं (१९७७ पासून ४०३ घनइंची आलं). अ‍ॅव्हरेज विचारू नका, लिटरला चार किलोमीटर दिला तर पेढे वाटायचे. खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं विनेबागो असो की डॉजच्या चासीवरची (चासी म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा) दुसरी कुठली असो, सगळ्यांनाच लागू पडतं, जिथे फक्त जीएमसीचं आहे तिथे तसं म्हणेन.

आता माझी चूक आधी सांगतो, कारण पुढचा सगळा क्रम त्या चुकीतून आलाय. गाडी दारात उतरली त्याच दिवशी मला राहवेना, नवी बॅटरी लावली, कार्ब्युरेटरमध्ये थोडं पेट्रोल ओतलं आणि सेल्फ मारला. चौथ्या-पाचव्या झटक्याला चालू झाली!! व्हिडिओ काढला, सांगलीला पाठवला, वीस मिनिटं चालवली, टाकीतलं जुनंच पेट्रोल ओढत होती ते लक्षातच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारल्यावर आतून टक टक असा आवाज आणि इंजिन अडखळत चालतंय, मिसिंग. झालं काय, तर अकरा वर्षांच्या पेट्रोलचा डिंक होतो, तो गरम असताना पातळ असतो, इंजिन थंड झाल्यावर व्हॉल्व्हच्या दांड्यांवर घट्ट बसतो, व्हॉल्व्ह हलत नाही आणि खालून पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला लावणारी दांडी) ढकलत राहतो, तो वाकतो. माझे तीन वाकले. आणि एवढं कमी म्हणून त्याच वीस मिनिटांत गाडी गिअरमध्ये टाकून बघितली होती, ब्रेकचा पेडल थेट तळाला गेला, शेजाऱ्यांची टपालपेटी वाचली ती केवळ मधे कचऱ्याचे डबे होते म्हणून.

तेव्हा क्रम असा: आधी पाण्याची गळती, मग ब्रेक, मग इंजिन, आणि आतलं सोफे-पडदे-किचन सगळ्यात शेवटी. यूट्यूबवर सगळे उलटं करतात, आतून रंग मारतात, फोटो छान येतात, पहिल्या पावसात सगळं फुगतं.

घ्यायच्या आधी

पैसे द्यायच्या आधी तीन गोष्टी बघा, बाकी सगळं दुरुस्त होतं. पहिलं कागद. टायटल म्हणजे मालकीचा कागद हातात पाहिजे, त्यावरचा नंबर गाडीवरच्या पट्टीशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे, "हरवलाय, देतो नंतर" म्हणाले तर "मग मीही पैसे नंतर देतो" म्हणायचं.

दुसरं, छत आणि जमीन. एक बोथट स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवा आणि आत गेल्यावर खिडक्यांच्या खाली, दाराच्या पायरीपाशी, संडासाच्या भोवती, एसीच्या खाली, कपाटांच्या कोपऱ्यात दाबून बघा. प्लायवूडमध्ये केकसारखा घुसला तर तिथे पाणी मुरलंय. थोडं मुरलेलं सगळ्याच गाड्यांत असतं, घाबरायचं नाही. पण लाकडी सांगाड्याच्या गाडीत भिंतीच बाहेरून फुगलेल्या दिसल्या तर माझा सल्ला सरळ आहे, सोडून द्या. जीएमसीला वरचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा, खालचा फायबरचा आणि सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणून तिचा सांगाडा कुजत नाही, फ्लोअरचं प्लाय मात्र कुजतं.

तिसरं, खाली झोपून चासी. वरवरचा गंज चालतो. हातोडीने हलकंच ठोका, टणटण वाजलं तर ठीक, धप्प वाजलं आणि पापुद्रे पडले तर नाही. इथल्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हे सगळ्यात आधी बघायला पाहिजे खरं तर.

घरी आणताना

चालवत आणू नका. विकणारे आजोबा म्हणतील की फक्त साठ मैल तर आहे, तरी नाही. टायरच्या बाजूला डॉट (DOT) अशी अक्षरं लिहिलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, २३०९ म्हणजे २००९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० च्या आधीचा आहे, त्याच्यापासून लांब उभे राहा. नक्षी कितीही छान असली तरी रबर आतून म्हातारं होतं, उभ्या गाडीचं तर जास्तच, आणि पाच-साडेपाच टनांची गाडी आहे ही. फ्लॅटबेडवर घालून आणा, पैसे जातात पण जाऊ देत.

टायर बदलताना एक गोष्ट जिवावरची आहे. जुन्या जीएमसीला आणि त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना साडेसोळा इंची रिम असतात. त्या मापाचे टायर आता मुश्किलीने मिळतात, म्हणून कुणीतरी सुचवतं की सोळाचा टायर बसतोय की. बसल्यासारखा वाटतो, आणि हवा भरताना फुटतो, माणसं मेलीयेत याने. सोळाचे टायर पाहिजेत तर रिमही सोळाचेच घ्यायचे.

उंदीर

हा भाग कुणाला आवडत नाही. शेतावर उभी गाडी म्हणजे आत उंदीर होतेच, प्रश्न एवढाच की किती पिढ्या. आपल्या सवयीप्रमाणे झाडू घेऊन आत शिरू नका, व्हॅक्यूमही नको. अमेरिकेत काही जातींच्या उंदरांच्या लेंडी-मुतातून हंटाव्हायरस पसरतो, वाळलेली धूळ श्वासात गेली की झालं. आधी सगळी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास तरी बाहेर थांबा, मग ग्लोव्हज घालून एक भाग ब्लीच नि नऊ भाग पाणी असं मिश्रण लेंड्या-घरट्यांवर भिजेपर्यंत फवारा, पाच मिनिटं मुरू द्या, कागदाने उचला, पिशवीत बांधून टाका. हे सगळं झाल्यावर पुसायला घ्यायचं. वायरी कुठे कुरतडल्यात ते त्याच वेळी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढे लागतं. माझ्या गाडीत हीटरच्या डक्टमध्ये एक अख्खी गादीच होती, कुणाच्या तरी स्वेटरची.

पाणी कुठून येतंय

गळती शोधायला घाई नको, एक शनिवार द्या. एकजण आत टॉर्च घेऊन, एकजण बाहेर पाण्याचा पाईप घेऊन. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं, हे महत्त्वाचं, कारण छतावरच आधी पाणी मारलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळतच नाही. एका जागी पाच मिनिटं साधं पाणी सोडायचं, प्रेशर नको, आतल्याने ओरडायचं. मग पुढची जागा. खिडकीच्या फ्रेमचे खालचे कोपरे, छताच्या कडेचे छोटे दिवे, छतावरचे व्हेंट आणि एसी, बहुतेक गळती यातच सापडते. छतावरच्या एसीखाली १४ बाय १४ इंचाच्या भोकाभोवती फोमचं पॅकिंग असतं, ते पन्नास वर्षांत पापडासारखं होतं, आतून चार बोल्ट असतात, पॅकिंग बदलायचं नि बेताने आवळायचं.

आणि सिलिकॉन लावू नका! मला माहितीये हार्डवेअरच्या दुकानात तेच समोर दिसतं. सिलिकॉनवर नंतर दुसरं काहीच चिकटत नाही, सिलिकॉनसुद्धा नाही, आणि आधीच्या मालकाने लावलेलं खरवडून काढण्यात माझे दोन रविवार गेले. फ्रेमच्या खाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावायची, छतावर वरून मोटरहोमसाठीच मिळतं ते सपाट पसरणारं सीलंट. ओलं झालेलं फोम इन्सुलेशन मात्र सुकत नाही, काढूनच टाकावं लागतं, त्याची तयारी ठेवा.

खाली शिरायच्या आधी

जीएमसीवाल्यांनी हे दोनदा वाचा. मागचं सगळं वजन दोन हवेच्या बॅगांवर असतं, डावीकडे एक, उजवीकडे एक, बॅग जुनी असेल तर फुटते आणि गाडी काही न सांगता खाली बसते. तेव्हा फक्त जॅकवर किंवा बॅगच्या भरवशावर कधीही खाली जायचं नाही. कडक सपाट जमीन, चाकांना दगड नाही तर लाकडी ठोकळे, आणि चासीच्या मुख्य पट्टीखाली दणकट घोड्या (जॅक स्टँड). गाडी वर घेतल्यावर खांद्याने जोरात ढकलून बघा, हलली तर परत लावा. ही सवय आमच्या शेजारच्या आजोबांनी लावली, ते चाळीस वर्षं गाड्यांच्या फॅक्टरीत होते, पहिल्या दिवशी मला पाय धरून बाहेर ओढलं होतं त्यांनी.

ब्रेक

पुढे डिस्क, मागे चारही चाकांना ड्रम. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, दहा वर्षांत त्याचा चहा होतो, आणि त्या पाण्याने आतून गंज चढतो. म्हणून नुसतं ऑइल बदलून ब्लीडिंग (पाईपांतली हवा काढणं) करून चालत नाही. मी सरळ सांगतो, काय बदलायचं: मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा मुख्य पंप), मागची चारही व्हील सिलिंडर (चाकापाशी ब्रेक दाबणारी), रबरी होज सगळे. रबरी होज बाहेरून नवीन दिसतात पण आतून सुजलेले असतात, त्याची ओळख अशी की ब्रेक दाबल्यावर लागतो पण सोडल्यावर सुटतच नाही, चाक गरम होतं, होज आत व्हॉल्व्हसारखा वागतो. स्टीलच्या पाईपांवर बोट फिरवत जा, जिथे फोड आलेत तो पाईप बदला.

ड्रम उघडाल तेव्हा हवा मारून धूळ उडवू नका. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसायचं, मास्क लावून. ड्रम निघत नसेल तर शू आतून अडकलेत, अ‍ॅडजस्टर सैल करा, नुसती हातोडी घेऊन तुटून पडू नका.

ब्लीडिंग जुन्या पद्धतीनेच, एकजण पेडलवर, एकजण खाली, "दाब… धर… सोड", मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून जवळ यायचं. बायकोला पेडलवर बसवलं होतं, अर्ध्या तासाने तिने विचारलं की हे दहा डॉलरच्या यंत्राने होतं ना, मग मी का बसलेय. बरोबर होतं तिचं. पेडल वरच कडक लागला, इंजिन बंद असताना दाबून धरला आणि हळूहळू खाली गेला नाही, की मगच पुढे.

पेट्रोल

जुनं पेट्रोल सगळं काढा, एक थेंब ठेवू नका. वास घ्या, पेट्रोलचा वास न येता वॉर्निशचा आला तर समजायचं. जीएमसीला दोन टाक्या असतात, मिळून साधारण ५० गॅलन म्हणजे १९० लिटर, डॅशबोर्डवरच्या बटणाने एकीकडून दुसरीकडे जातं, आणि टाक्यांच्या वरचे रबरी होज टाकी उतरवल्याशिवाय दिसत नाहीत. उतरवा. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, १९७६ सालच्या रबराला ते माहीतच नव्हतं, ते मऊ होऊन भेगाळतं आणि ठिबकतं, नेमकं एक्झॉस्टच्या आसपास. आत्ता भारतातही २० टक्केवालं पेट्रोल आल्यापासून जुन्या स्कूटरवाल्यांची हीच बोंब आहे. नवीन होज घेताना इंजेक्शनच्या गाड्यांचे जाड होज घ्या, त्यावर एसएई ३० आर ९ किंवा ३० आर १४ छापलेलं असतं. आणि पहिल्या दिवसापासून गाडीत दोन अग्निशामक, एक दाराजवळ, एक ड्रायव्हरजवळ, हे ब्रेकच्या आधी लिहायला पाहिजे होतं.

आता इंजिन

जीएमसीचं इंजिन ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मधे, फ्लोअरवरचं झाकण उचललं की दिसतं, म्हणजे काम घरात बसून करता येतं पण प्रत्येक पडलेला नट थेट खाली जातो.

एक. प्लग सगळे काढा, आठही, कुठला कुठून काढला ते लिहून ठेवा. प्रत्येक भोकात दोन चमचे पातळ ऑइल, मी गिअरबॉक्सचं एटीएफ वापरलं, आणि दोन-तीन दिवस सोडून द्या. खरंच सोडून द्या.

दोन. सेल्फ नाही, लांब पान्याने इंजिन हाताने फिरवा, समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने, दोन पूर्ण फेऱ्या. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, मागे आणून परत ऑइल. व्हॉल्व्ह कव्हर काढून बघितलं तर सगळ्यात बरं, सोळाही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे खटके) वरखाली होताना दिसले पाहिजेत, माझे तीन पुशरॉड याच पायरीवर वाचले असते.

तीन. इंजिन ऑइल आणि फिल्टर नवीन. या जुन्या इंजिनांचे टॅपेट सपाट असतात, त्यांना जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं ऑइल लागतं, जुन्या गाड्यांसाठी म्हणून वेगळं मिळतं ते घ्या. प्लग न लावता, इग्निशनची वायर काढून, दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत.

चार. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. आठही आकडे एकमेकांच्या जवळ असणं जास्त महत्त्वाचं, एखाददुसरा कमी असला तर लगेच इंजिन उतरवायला घेऊ नका, व्हॉल्व्हवरचा डिंक नि गंज चार-पाच वेळा गरम झाल्यावर बरेचदा जातो.

पाच. कार्ब्युरेटर उघडा. रॉचेस्टरचा क्वाड्राजेट आहे, दिसायला भीतीदायक, पण उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढला तर जमतो. आत काळा, स्पंजसारखा दिसणारा फ्लोट असतो तो वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतो, जड झाला की पेट्रोल ओव्हरफ्लो होतं, तो नवीनच घाला, दुरुस्ती किटबरोबर.

आणि मग टाकीतून नाही, एका छोट्या कॅनमधून ताजं पेट्रोल देऊन चालू करायचं, बाहेर मोकळ्यात.

ओल्ड्स ४५५ वाल्यांनी एक लक्षात ठेवा, टायमिंगच्या वरच्या गिअरचे दात कंपनीतून नायलॉनचं आवरण घातलेले यायचे, जुने झाले की तुकडे पडतात नि ऑइलच्या जाळीत अडकतात. कधी बदलले ते कुणालाच माहीत नसेल तर बदलून टाका.

चालू होत नाही / मधेच मरते

इथे नवीन लोक सगळ्यात जास्त पैसे उडवतात, अंदाजाने पार्ट बदलत बसतात. मी तीन पार्ट बदलले होते, दोष निघाला एका गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत, तीसुद्धा फुकट साफ झाली.

सेल्फ नुसता कट् करतो, फिरत नाही: बॅटरी मल्टीमीटरने मोजा, निवांत असताना १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. बॅटरी ठीक असेल तर मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी थेट इंजिनच्या लोखंडावर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. तसंच पॉझिटिव्ह बाजूला.

सेल्फ छान फिरतो पण पकडत नाही: दोनच प्रश्न, करंट येतोय का आणि पेट्रोल येतंय का. एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरमध्ये वरून बघत हाताने थ्रॉटलचा खटका ओढा, दोन बारीक धारा उडाल्या तर पेट्रोल आहे. करंटसाठी स्पार्क टेस्टर घ्या, पाच-दहा डॉलरला मिळतो, हातात वायर धरून बघायचा आपल्याकडचा गॅरेजवाला प्रकार इथे करू नका, या इग्निशनचा झटका स्कूटरसारखा नाही.

थंड असताना छान, उन्हात चढावर मरते आणि अर्ध्या तासाने गुपचूप चालू होते: दोन संशयित. एक, पेट्रोलचा पाईप तापून आत वाफ धरते. दोन, इग्निशनचं मॉड्यूल (स्पार्क सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग) तापून झोपतं. दोन्हींची लक्षणं सारखीच, म्हणून ज्या क्षणी मरते त्याच क्षणी रस्त्याकडेला सुरक्षित उभे राहून वरची थ्रॉटलची चाचणी करायची, धारा नाहीत तर वाफ, धारा आहेत पण स्पार्क नाही तर मॉड्यूल. थंड झाल्यावर तपासून काही उपयोग नाही. वाफेवर टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवणं हा कायमचा इलाज आहे, पण गाडी बंद पडली की पंपही बंद पडेल असा ऑइल प्रेशरचा स्विच मधे घालूनच.

वीज

गाडीत दोन वेगळ्या विजा असतात हे आधी डोक्यात बसवा. १२ व्होल्टची, बॅटरीवरची, आणि १२० व्होल्टची, बाहेरून केबल जोडल्यावर येते ती. जुना कन्व्हर्टर, जो १२० चं १२ करतो, तो मोठ्याने गुणगुणतो आणि बॅटरी उकळवून मारतो, तो काढून नवीन स्मार्ट प्रकारचा घाला, एका दिवसाचं काम.

बाहेरून केबल जोडायच्या आधी मात्र थांबा. बऱ्याच मोटरहोमना ३० अँपिअरचा तीन पिनांचा प्लग असतो, तो दिसायला घरातल्या ड्रायरच्या २४० व्होल्टच्या प्लगसारखा, पण त्यात १२० व्होल्टच पाहिजेत. घरी असा सॉकेट बसवायला इलेक्ट्रिशियन आला की तो पुष्कळदा सवयीने २४० देऊन मोकळा होतो, आणि मग फ्रिज, एसी, कन्व्हर्टर सगळं एका सेकंदात खलास. आपण २३० व्होल्टच्या देशातून आलेलो, आपल्याला त्यात खटकतही नाही. मीटरने मोजून मगच जोडा. जोडल्यावर गाडीच्या उघड्या लोखंडापासून ओल्या जमिनीत खोचलेल्या स्क्रूड्रायव्हरपर्यंत व्होल्टेज मोजा, दोन-चारच्या वर आकडा दिसला तर केबल काढा, कुठेतरी अर्थिंग तुटलंय आणि पाऊस पडला की दाराचा दांडा धरणाऱ्याला शॉक बसणार.

गॅस

गॅसवर फ्रिज, शेगडी, पाण्याचा गीझर आणि हीटर चालतात. प्रोपेन हवेपेक्षा जड, खाली साचतो, फ्लोअरवर. रेग्युलेटर आणि रबरी होज न विचारता नवीन. जोडांना साबणाचा फेस लावायचा, सिलिंडर बदलल्यावर आई लावायची तसाच, बुडबुडा आला की गळती, काडी पेटवून बघणाऱ्या काकांचं ऐकू नका. नंतर गॅसवाल्याकडून प्रेशर टिकतंय का ते एकदा तपासून घ्या, इथे पैसे वाचवायचे नाहीत.

जुन्या हीटरच्या आतला पत्रा चिरला की कार्बन मोनॉक्साइड थेट झोपायच्या जागेत येतो, त्यामुळे मी तो चालतोय का बघायच्या भानगडीतच पडलो नाही, काढून टाकला. फ्रिजच्या मागे पिवळी पूड किंवा अमोनियाचा वास आला तर त्याची आतली नळी फुटलीय, तो गेला, ती पूड हाताने चोळू नका, विषारी असते. गॅसचा आणि मोनॉक्साइडचा असे दोन्ही अलार्म नवीन लावा, पाच-सात वर्षांनी ते आंधळे होतात.

पाण्याच्या टाकीबद्दल फार नाही सांगायचं. पंप चालू करा, गळती बघा, ब्लीच घातलेलं पाणी सगळ्या नळांतून काढून रात्रभर ठेवा, मग धुवा. हिवाळ्याच्या आधी गुलाबी रंगाचं पिण्याच्या पाईपांचंच अँटीफ्रीझ भरा, हिरवं इंजिनचं नव्हे, ते विष आहे. संडासाची टाकी उघडताना लांब उभे राहा, एवढंच.

पहिली फेरी

पहिल्या आठवड्यात घरापासून दहा मैलांच्या बाहेर जायचं नाही, हायवेवर तर नाहीच. खिशात इन्फ्रारेड थर्मामीटर ठेवा. दहा मिनिटं चालवून थांबा आणि सहाही चाकांच्या मधोमध रोखून आकडे लिहा, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूपच गरम निघालं तर तिथे ब्रेक अडकतोय किंवा बेअरिंग चाललंय. जीएमसीच्या पुढच्या बेअरिंगना कंपनीने बाहेरून ग्रीस निप्पल दिलेलं नाही, हब उघडूनच ग्रीस भरावं लागतं, जुन्या मालकाने केलं असेल असं धरून चालू नका. खाली पुठ्ठा टाकून गाडी उभी करायची, सकाळी पुठ्ठ्यावर काय पडलंय ते बघायचं, लाल म्हणजे गिअरबॉक्स, हिरवं म्हणजे रेडिएटर, काळं म्हणजे इंजिन, आणि रंग नसलेलं फक्त एसीचं पाणी असेल तर जिलबी खा.

चाकांचे नट ५० मैलांनंतर परत आवळा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला, टॉर्क रेंचने. मॅन्युअल इंटरनेटवर पीडीएफमध्ये आहे, प्रिंट काढून गाडीतच ठेवा, जिथे ती बंद पडते तिथे मोबाईलला रेंज नसते. माझं आता ग्रीसने इतकं माखलंय की ब्रेकची पानं एकमेकांना चिकटलीयेत, परवा शेजारच्या आजोबांनी त्यांची प्रत दिली, १९७६ चीच, त्यात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत.